ओटी बघायची ती न्हाणीघरात: पुण्यातल्या एका निवासी शाळेचे परीक्षण

विशेष गरजा असलेल्या मुलासाठी निवासी शाळा शोधणारे पालक शाळा बघायला गेले की त्यांना सगळ्यात आधी ऑक्युपेशनल थेरपीची (ओटी, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) खोली दाखवतात. टांगलेले झोके, मोठाले चेंडू, रंगीत गाद्या, भिंतभर आरसा. खोली बघून धीर येतो आणि निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. पण हे सगळे बाहेरच्या क्लिनिकमध्येही असते. तिथे मूल आठवड्यातून दोनदा पाऊण तास येते आणि फळीवर ठोकलेल्या कापडाची बटणे लावते. वसतिगृहात त्याला रोज स्वतःचा शर्ट घालायचा असतो, बादलीतले पाणी अंगावर घ्यायचे असते, वरणभात कालवायचा असतो. या रोजच्या वेळा थेरपीसाठी वापरल्या जातात का, यावरून आम्ही निवासी शाळेची ओटी जोखतो. हे परीक्षणही त्याच नजरेने केले आहे.

शाळा पुण्याच्या पश्चिमेला, शहराच्या कडेला आहे. सेरेब्रल पाल्सी (सीपी, मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा नसणे), स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता किंवा यांतले एकाहून अधिक काही असलेली ६ ते १८ वयाची मुले-मुली इथे राहतात. नाव मुद्दामच दिलेले नाही. मुले मोजकी आहेत, आणि नाव दिले तर खालच्या वर्णनांवरून एखादे मूल सहज ओळखता येईल. आमचे मत आधीच सांगतो: सकाळची आणि जेवणाची ओटी इथे उत्तम आहे, झोक्यांची खोली सुरक्षित आणि बेताची आहे, लिखाणाच्या बाबतीत शाळा उशीर करते, आणि मूल सुट्टीला घरी जाते तेव्हा सगळे काम उघड्यावर पडते.

न्हाणीघराचे दार ९० सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे व्हीलचेअर अडत नाही. आत बादली जमिनीवर ठेवलेली नाही. बसायच्या स्टुलाइतक्याच उंचीचा, साधारण ४० सेंटिमीटरचा सिमेंटचा ओटा आहे आणि बादली त्यावर असते. ज्या मुलाचे धड स्थिर राहत नाही ते जमिनीवरच्या बादलीकडे वाकले की पुढे कलंडते. म्हणून मग कोणीतरी त्याला धरते, आणि धरणारा माणूस साहजिकच आंघोळही घालून मोकळा होतो. बादली वर घेतली की धरायची गरजच संपते. स्टुलाला पाठ आणि दोन्ही बाजूंना हात आहेत, पायांना रबरी टोप्या आहेत. पाणी घ्यायचा मग अर्ध्या लिटरचा, दोन कानांचा. बाजारात मिळणारा नेहमीचा मग लिटरभराचा असतो. तो भरला की किलोभर वजन होते, आणि मनगट कमजोर असलेले मूल एवढे वजन डोक्यापर्यंत नेऊ शकत नाही. ते पाणी गुडघ्यांवर ओतते आणि डोके मावशींना धुवावे लागते. साबण नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत घालून दोरीने नळाला बांधलेला आहे, त्यामुळे तो निसटून कोपऱ्यात जात नाही. पंच्याच्या दोन्ही टोकांना कापडी कड्या शिवल्या आहेत. बोटांची पकड नसली तरी कडीत हात अडकवून पाठ पुसता येते.

पाणी सोलरचे आहे. दुपारी उशिरा सोलरच्या नळाला भाजण्याइतके गरम पाणी येऊ शकते, आणि काही मुलांना गरम-गार नीट कळत नाही किंवा कळले तरी सांगता येत नाही. म्हणून इथला नियम असा: आधी गार पाणी, मग गरम, मग मावशीच्या हाताने ढवळून आणि साध्या थर्मामीटरने तपासून ३८ ते ४० अंशांवर. थर्मामीटर दोरीला टांगलेला होता आणि खरोखर वापरला जात होता.

मावशींचे काम मात्र याहून मोठे आहे. मदत कशी करायची आणि कधी थांबवायची हे त्यांना शिकवलेले आहे, आणि ते दिसते. सूचना दिल्यावर त्या मनात दहापर्यंत मोजतात. तोवर मुलाने सुरुवात केली नाही तर बोटाने दाखवतात, मग मागून उभ्या राहून हाताला हात लावतात. मागून, कारण समोर उभे राहिले की मूल तोंडाकडे बघत बसते. आणि शक्यतो न बोलता, कारण तोंडी सूचनेची सवय फार चिवट असते. ‘आता मग घे, आता ओत’ असे रोज ऐकणारे मूल वर्षभराने हालचालीत तरबेज होते, पण सांगितल्याशिवाय हलत नाही. हाताचा आधार मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर असा मागे मागे घेता येतो. बोलण्याचा आधार असा हळूहळू काढून घेणे अवघड जाते. भिंतीवर प्रत्येक मुलाच्या नावाची लॅमिनेट केलेली चित्रपट्टी आहे आणि तिच्याखाली चार रंगांचे ठिपके: स्वतः केले, दाखवून केले, हात लावून केले, पूर्ण मदत लागली. मावशी रोज एक ठिपका चिकटवतात. आठवड्याचे ठिपके थेरपिस्ट शनिवारी बघते. या नोंदीवर आमचा विश्वास बसला, कारण सगळे ठिपके चांगल्याच रंगाचे नव्हते.

यासाठी वेळ लागतो आणि शाळेने तो काढला आहे. सावकाश आवरणारी मुले अर्धा तास आधी उठवली जातात आणि न्हाणीघराच्या दोन पाळ्या केल्या आहेत. ज्या वसतिगृहात सगळ्यांना एकाच घंटेला नाश्त्याला बसवतात तिथे थेरपिस्ट कितीही हुशार असली तरी आंघोळ शिकवली जात नाही, उरकली जाते.

कपडे घालणे हा इथला सगळ्यात चांगला भाग. शरीराची उजवी बाजू कमजोर असलेली एक मुलगी कुर्ता घालत होती. कुर्ता तिने मांडीवर पसरला, पुढची बाजू खाली, गळा गुडघ्यांकडे. डाव्या हाताने उजवा हात उचलून बाहीत सोडला आणि बाही ओढून कोपराच्या वर नेली. मग डावा हात, मग डोके. कोपराच्या वर बाही जाईपर्यंत डोके घालायचे नाही, हे तिला पक्के माहीत होते. घाई केली तर बाही मनगटाशी गोळा होते, डोके कापडात अडकते आणि सगळे काढून पुन्हा सुरू करावे लागते. घालताना कमजोर हात आधी आणि काढताना तोच शेवटी, हा नियम एकदा बसला की कपडा बदलला तरी अडत नाही.

बटणे शेवटून सुरुवातीकडे शिकवतात. बटण काजात निम्मे घालून दिलेले असते आणि मुलाने फक्त पलीकडून ओढून घ्यायचे. ते जमले की बटण काजाच्या तोंडाशी धरून द्यायचे, आणि असे करत करत पहिल्या पायरीपर्यंत. मूल दर वेळी काम पूर्ण होतानाचा शेवट स्वतःच्या हाताने करते, म्हणून चिडत नाही. सुरुवात सैल शर्टावरच्या २५ मिलिमीटरच्या बटणाने, तीही पोटाजवळच्या, कारण ते डोळ्यांना दिसते. नेहमीच्या शर्टाचे बटण साधारण ११ मिलिमीटरचे असते. तिथपर्यंत टप्प्याटप्प्याने जातात. गळ्याचे बटण सगळ्यात शेवटी, कारण तिथे नजरेचा उपयोग नाही, बोटांनाच समजावे लागते. मोठी बटणे, रुंद इलॅस्टिक, व्हेल्क्रो हे सगळे तुळशीबागेत आणि रविवार पेठेत मिळते. शाळेने गणवेशात नाडीऐवजी इलॅस्टिक चालवून घेतले आहे आणि ज्यांना कॉलरमागचे लेबल टोचते त्यांच्या शर्टांची लेबले उसवून काढली आहेत. कात्रीने कापलेले लेबल उरलेल्या धारेने जास्तच टोचते, म्हणून उसवायचे.

ज्यांच्या पायात एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा आधार) आहे त्यांच्या मोज्यांकडे लक्ष द्या. मोजा सुती, बिनशिवणीचा आणि गुडघ्यापर्यंतचा हवा. बूट एक नंबर मोठा, आतले तळवे काढलेले. संध्याकाळी एएफओ काढल्यावर कातडीवर लाल खूण दिसली आणि ती २० मिनिटांत गेली नाही तर दुसऱ्या दिवशी तो घालायचा नाही आणि तो बनवणाऱ्या ऑर्थोटिस्टला कळवायचे. शाळेत ही तपासणी होते, पण तिची वेळ जेवणाच्या धांदलीत येते. ती थोडी अलीकडे घ्यायला हवी.

जेवणघरात आम्ही पहिल्यांदा पाय बघतो. पाय लोंबकळत असतील तर हात चालणार नाहीत. पायांखाली आधार नसला की मूल तोल सांभाळायला हात टेबलावर रोवते आणि घास घ्यायला एकच हात, तोही ताठरलेला, उरतो. इथे बाकांखाली वेगवेगळ्या उंचीच्या लाकडी पाट्या आहेत, टेबल कोपराच्या उंचीला आहे. ताट खोलगट आणि उभ्या काठाचे, खाली जाळीदार रबराची चटई. भात काठाला रेटून बोटांवर घेता येतो. हाताने जेवायला शिकवणे हा आपल्याकडच्या ओटीचा मोठा विषय आहे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांनी घास गोळा करायचा आणि तोंडाशी नेऊन अंगठ्याने आत ढकलायचा, ही बारीक हालचाल आहे. पुढे पेन्सिल धरताना हीच बोटे लागतात. वरण पातळ असेल तर घास बोटांतून गळतो, मूल हिरमुसते आणि चमचा मागते. म्हणून शिकणाऱ्यांच्या पंक्तीला वरण घट्ट आणि भात थोडा मऊ असतो. पोळी एका हाताने तोडायची तर ती मऊ आणि कडेला पातळ हवी. स्वयंपाकघराला हे सांगितलेले आहे, आणि आचारी ते ऐकतात हे विशेष.

ज्यांना चमचाच लागतो त्यांच्या चमच्यांना सायकलच्या मुठी बसवल्या आहेत. २५ ते ३० मिलिमीटर जाडीची मूठ बहुतेकांना पुरते. त्याहून जाड झाली तर छोट्या तळहाताला ती आवळता येत नाही. मुठीत पाणी साठून बुरशी येते. ती काढून वाळवायचा दिवस ठरवलेला असावा, इथे तसा दिसला नाही.

भरवण्याबाबत एक गोष्ट इथे काटेकोरपणे पाळली जाते आणि तिचे कौतुक करायला हवे. मान मागे टाकून कोणालाही भरवत नाहीत. हनुवटी किंचित खाली, भरवणारा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला बसलेला. फुलपात्रातून शेवटचा घोट घेताना मान मागे जाते, म्हणून नाकाच्या बाजूला अर्धगोल कापलेला प्लॅस्टिकचा पेला वापरतात. जेवताना वारंवार खोकला, घोट घेतल्यावर घोगरा ओला आवाज, जेवणानंतर ताप, असे काही दिसले की ओटीचे लक्ष्य बाजूला ठेवून आधी स्पीच थेरपिस्ट आणि डॉक्टरांकडे पाठवतात.

आता ती झोक्यांची खोली. सेन्सरी इंटिग्रेशन ही डॉ. ए. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९६० आणि ७०च्या दशकांत मांडलेली विचारपद्धती. तोल, स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव आणि स्पर्श यांची मेंदूत नीट सांगड बसली नाही की वागण्यात आणि शिकण्यात अडचण येते, असे तिचे म्हणणे. पुण्यात आज या नावाखाली बरेच काही विकले जाते. इथे खोली लहान आहे आणि सामान मोजके आहे, पण हुक बघून आमचे समाधान झाले. ते काँक्रीटच्या स्लॅबमधून आरपार नेऊन वरून लोखंडी प्लेटने आवळलेले आहेत. ३० किलोचे मूल जोरात झुलते तेव्हा झोक्याच्या खालच्या टोकाला हुकवर दुप्पट आणि कधी त्याहून जास्त भार येतो. पीओपीच्या छतातून नुसता हुक डोकावत असेल तर तो कशात रुतवला आहे हे विचारल्याशिवाय मुलाला झोक्यावर बसवू देऊ नका. गोल फिरणाऱ्या झोक्याला फिरकी हवी, नाहीतर दोर पिळतो आणि आतून झिजतो. खाली जाड गाद्या आणि चारी बाजूंना मोकळी जागा हवी. दोर आणि कड्या तपासल्याची नोंद दारामागे लावलेली आहे.

सरळ मागे-पुढे संथ झुलणे बहुतेकांना शांत करते, गोल फिरणे चाळवते. फिरवताना चेहरा पांढरा पडला, घाम आला, सारख्या जांभया आल्या तर तिथेच थांबायचे. कधी कधी त्रास तासाभराने वर्गात उलटी होऊन बाहेर येतो, म्हणून शिक्षकांना कळवणे आवश्यक. फिट्स येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोल फिरवत नाहीत आणि जेवणानंतर कोणालाच झोका देत नाहीत.

वजनदार जॅकेटबद्दल मात्र आमचा मतभेद आहे. अंगाच्या वजनाच्या ५ ते १० टक्के वजनाचे जॅकेट घालण्याची पद्धत जुनी आहे, पण त्याच्या उपयोगाबद्दल संशोधनात एकमत नाही. शाळेत एक-दोन मुले सकाळच्या तासांना ते सलग घालून बसलेली दिसली. वापरायचेच असेल तर २० मिनिटे, एका ठरावीक कामासाठी, आणि फरक पडतो का याची नोंद ठेवून. मुलाला ते स्वतः काढता आलेच पाहिजे. पुण्याच्या एप्रिलमध्ये तर आधी घामाचा विचार करावा.

त्यापेक्षा कितीतरी चांगली गोष्ट शाळा स्वयंपाकघरात आणि अंगणात करते. सांध्यांना आणि स्नायूंना जोर देणारे काम चंचल मुलाला स्थिर करते, असा थेरपिस्टांचा अनुभव आहे, आणि वसतिगृहात असे काम भरपूर असते. कणीक मळणे, खलबत्त्यात शेंगदाण्याचे कूट करणे, ताटांची ट्रॉली ढकलणे, अर्धी बादली पाणी झाडांना नेणे. ज्या मुलाला वर्गात दहा मिनिटे बसवत नाही त्याला पहिल्या तासाआधी ट्रॉलीचे काम दिलेले आहे. कामाला अर्थ आहे, ताटे खरोखर पोचवायची आहेत, आणि ते मूल इतर मुलांच्या नजरेत पेशंट उरत नाही.

आवाजाचेही नियोजन दिसले. कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सरचा त्रास होणाऱ्या मुलांचे टेबल स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब हलवले आहे. गणपतीच्या आधी महिनाभर पुण्यात ढोल-ताशांचा सराव सुरू होतो. तेव्हापासून ही मुले रेकॉर्ड केलेला ढोल आधी अगदी हळू, मग थोडा मोठा, हातात आवाजाचे बटण घेऊन ऐकतात. कानांवर लावायचे संरक्षक मफ खुंटीला असतात. ते दिवसभर घालू देत नाहीत, कारण सतत झाकलेल्या कानांना साधे आवाजही मग सहन होईनासे होऊ शकतात.

बरेच सामान शाळेने पुण्यातच करून घेतले आहे. टायरच्या ट्यूब नाना पेठेतून, प्लायवूड टिंबर मार्केटमधून, मुठी आणि बिजागऱ्या बोहरी आळीतून. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आधाराच्या खुर्चीला (सीपी चेअर) १८ मिलिमीटरचा प्लाय, बैठकीवर एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबर. मापे मुलाच्या अंगाची घेतली आहेत: बसायच्या फळीची पुढून मागची खोली कुल्ल्याच्या मागच्या कडेपासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंतच्या लांबीपेक्षा दोन बोटे कमी. जास्त खोल झाली तर मूल पुढे घसरते आणि पाठीला पोक येते. दर सहा महिन्यांनी माप पुन्हा घ्यायचे. महागडी आयात खुर्ची, जी दोन वर्षांत लहान होते आणि तरी तीच वापरत राहतात, तिच्यापेक्षा ही केव्हाही बरी.

लिखाणाकडे येऊ. बसण्याची पद्धत ठीक आहे, २० अंशांचा उतार असलेले लाकडी डेस्क आहेत, पेन्सिली आखूड आहेत. बोटाएवढी पेन्सिल मुठीत धरताच येत नाही, बोटांच्या टोकांनीच धरावी लागते. दाब कमी पडणाऱ्यांना टू-बी दिलेली आहे. सुरुवात आपल्या जुन्या क्रमाने, ग म भ न. उभी रेघ वरून खाली, मग डावीकडचे वळण. दुरेघी वहीची वरची रेघ रंगवून दिली आहे आणि हे अगदी योग्य आहे. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभे राहते, आपले अक्षर वरच्या शिरोरेखेला लोंबते. इंग्रजी वर्कशीटची खालची रेघ ठळक करून मराठी लिहायला लावले की मुलाची अक्षरे वरखाली नाचतात आणि दोष त्याच्या हाताला दिला जातो. जोडाक्षरे आणि वेलांट्या वेगळ्या काढून शिकवतात. ज्याला हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे नेणे जड जाते त्याची दीर्घ वेलांटी तुटते, शिरोरेखा मध्येच थांबते. अशा मुलाला आधी फळ्यावर मोठ्या आडव्या रेघा मारायला देतात.

पण टायपिंग इथे हाताने लिहिणे जमलेच नाही असे ठरल्यावर सुरू करतात, आणि ते ठरेपर्यंत मूल तेरा-चौदा वर्षांचे होते. तोवर त्याच्या मनातले कागदावर येण्याची सवयच राहिलेली नसते. नऊ-दहाव्या वर्षी अक्षर वाचण्याजोगे होत नसेल तर दोन्ही वाटा एकदम सुरू कराव्यात. भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. एकाच हाताने टाइप करणाऱ्यासाठी फोनचा कळफलक सोपा पडू शकतो. दोन्ही बसवून बघायला वेळ लागत नाही. बोर्डाच्या परीक्षेसाठी लेखनिक मिळतो आणि केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान २० मिनिटे जादा मिळायला हवीत, पण लेखनिकाला सांगून लिहून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. वाक्य मनात पूर्ण तयार करणे, विरामचिन्हासकट सांगणे, लिहिलेले परत वाचायला लावणे याचा सराव नववीपासून हवा. शाळेच्या वेळापत्रकात तो नाही.

मोठ्या मुलांच्या कामाच्या शाळेबद्दल थोडक्यात. कागदी पिशव्यांसाठी प्लायचा साचा आहे, पणत्या दहा-दहा मोजायला दहा खळग्यांची पाटी आहे, त्यामुळे आकडे न येणारा मुलगाही मोजणी चुकत नाही. मेट्रोने वनाझहून प्रवास करून तिकीट काढणे, लिफ्ट शोधणे, फलाटावर पिवळ्या पट्टीमागे थांबणे शिकवतात. चांगले आहे, वाढवावे.

लक्ष्ये लिहिण्याची पद्धत दोन थेरपिस्टांची दोन तऱ्हांची आहे. एकीच्या फायलीत लिहिले आहे: ‘रात्रीच्या जेवणात पोळीचा तुकडा एका हाताने तोडून भाजी लावून खाईल, पाच घासांपैकी चार, कोपराला आधार देऊन, दिवाळीपर्यंत.’ दुसरीकडे: ‘हस्तकौशल्य सुधारणे.’ पहिले लक्ष्य मावशीलाही तपासता येते. दुसरे कोणालाच तपासता येत नाही, त्यामुळे ते दर सहामाहीला तसेच पुढे जाते. सीओपीएम ही मुलाखतीवर आधारलेली मोजणी शाळा वापरते, हे बरे. त्यात कोणते काम महत्त्वाचे आणि ते किती जमते हे पालक किंवा मूल स्वतः १ ते १० मध्ये सांगतात, आणि दोन गुणांचा फरक अर्थपूर्ण मानतात. ही मुलाखत प्रवेशाच्या वेळी होते. ती सुट्टीनंतर पुन्हा व्हायला हवी.

कारण खरी गळती सुट्टीत आहे. दिवाळीला मूल घरी जाते तेव्हा पालकांच्या हातात इंग्रजी लघुरूपांनी भरलेला एक अहवाल पडतो. मूल स्वतः आंघोळ करते हे घरी कोणाला माहीतच नसते. घरी बादली जमिनीवर असते, मग लिटरभराचा असतो, शौचालय भारतीय पद्धतीचे असते आणि आईला कामाची घाई असते. मूल परत येते तेव्हा ठिपक्यांचा रंग बदललेला असतो आणि नोव्हेंबर तेच परत मिळवण्यात जातो. यावर उपाय स्वस्त आहे. एक पान मराठीत, चार फोटो, आणि मावशी कुठे उभी राहते व कधी हात लावत नाही हे दाखवणारे, पालकांच्या संमतीने त्यांच्याच फोनवर काढलेले मिनिटभराचे चित्रण. सोबत मग आणि साबणाची जाळी घरी द्यावी. कमोड खुर्ची लागणार असेल तर शौचालयाचे माप आधी मागवावे.

स्प्लिंटही (हात योग्य स्थितीत धरून ठेवणारे साचे) सुट्टीतच बिघडतात. हाताचे थर्मोप्लास्टिक स्प्लिंट ६० ते ७० अंशांच्या पाण्यात मऊ करून घडवलेले असतात. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या काचेजवळ ठेवले तरी ते वाकडे होतात, आणि वाकडा स्प्लिंट घालण्यापेक्षा न घातलेला परवडतो. तो कोमट पाण्यानेच धुवावा. रात्रपाळीच्या काका-मावशींनाही हे शिकवायला हवे. दिवसाच्या कर्मचाऱ्यांएवढे प्रशिक्षण त्यांना मिळालेले नाही आणि एका मुलाचा डावा स्प्लिंट उजव्या हाताला बांधलेला आम्ही पाहिला. पलंगाशी फोटो लावला आणि पट्ट्यांवर बाण काढले तर हे टळते.

चौकशी करताना थेरपिस्टची बी.ओ.टीएच. किंवा एम.ओ.टीएच. पदवी आणि राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी विचारा. विशेष शिक्षकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. शाळेच्या मान्यतेबद्दल दिव्यांग कल्याण आयुक्तालयात विचारता येते, ते कार्यालय पुण्यातच आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचाही समावेश आहे. नूतनीकरण दर वर्षी करावे लागते, ते विसरू नका.

आंघोळ, कपडे, जेवण यांत स्वावलंबन हवे असलेल्या ६ ते १२ वयाच्या मुलासाठी ही शाळा आम्ही मोकळेपणाने सुचवू. दहावीची तयारी करणाऱ्या, बुद्धीने सक्षम पण हाताने लिहू न शकणाऱ्या मुलासाठी आधी टायपिंग आणि लेखनिकाच्या सरावाचे लेखी आश्वासन घ्या. रात्री वारंवार कूस बदलून द्यावी लागते किंवा फिट्स आटोक्यात नाहीत अशा मुलासाठी, रात्रपाळीचे प्रशिक्षण होईपर्यंत, थांबा. शाळा बघायला सकाळी साडेसहाची किंवा रात्रीच्या जेवणाची वेळ मागून घ्या, आणि प्रवेश नक्की करण्यापूर्वी मुलाला दोन रात्री तिथे ठेवून बघण्याची सोय विचारा. ती जूनमध्ये मिळत नाही, मार्च-एप्रिलमध्येच मिळते.